बोअरच्या पाण्याचा तो मेसेज पुढं पाठवू नका

आठ दिवस झाले, सांगलीतल्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. बोअरचं पाणी जमिनीतनं गाळून येतं म्हणून शुद्धच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर ५०० च्या आत आलं की बिनधास्त प्या, शंका असली तर उकळा, आणि तेच पाणी उसाला पण चालतं. लोक ह्यावर विसंबून लहान पोरांना पाणी पाजतायत म्हणून लिहितोय.

गाळून येतं म्हणे. आपल्याकडं खाली काळा पाषाण, बेसाल्ट, त्यात पाणी फटींतनं पळतं, वाळूतनं झिरपतं तसं नाही. शेजारी शोषखड्डा नाहीतर उकिरडा असला आणि केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातला पाइप, नीट बसलेलं नसलं की घाण सरळ बोअरमध्ये.

आता मीटर. ते पाण्यातनं करंट किती जातो तेवढं बघतं आणि त्यावरनं एकूण क्षारांचा अंदाज सांगतं, बास. कुठला क्षार ते त्याला कळत नाही, जंतू तर नाहीच नाही. आमच्या घरामागच्या बोअरला मीटर ४३० दाखवायचं, पाणी काचेसारखं, चवीला गोड, आम्ही खुश. लॅबचा रिपोर्ट आला तर नायट्रेट ६८! आयएस १०५००, म्हणजे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, त्याप्रमाणं मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि टीडीएसला दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत सूट आहे तशी नायट्रेटला अजिबात नाही. वरच्या अंगाला ऊस आहे, त्याला युरियाची पोती आणि पाटानं भरपूर पाणी, पिकानं न घेतलेलं नत्र जाणार कुठं, खालीच. असल्या पाण्यात पावडरचं दूध कालवून तान्ह्या बाळाला दिलं तर त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात. आमच्या घरात तेव्हा चार महिन्यांचं बाळ होतं हो.

उकळल्यानं जंतू मरतात, खरंय. नायट्रेट, फ्लोराइड तसंच राहतं, उलट वाफ गेल्यावर प्रमाण थोडं वाढतंच.

शेतीचा हिशोब तर वेगळाच. तिथं ईसी, म्हणजे पाण्यातनं वीज किती वाहते ते, बघायचा, सोडियमचं कॅल्शियम-मॅग्नेशियमशी प्रमाण म्हणजे एसएआर बघायचा, आणि आरएससी, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा कार्बोनेट-बायकार्बोनेट किती जास्त ते, तो लिटरला २.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर गेला तर ते पाणी सिंचनाला नकोच. दोन बोअरचा टीडीएस सारखा असला तरी एकात कॅल्शियम जास्त असेल ते जमीन सोसते, दुसऱ्यात सोडियम जास्त असेल तर काळी माती चोपण होते. मामांच्या रानात बघितलंय, उन्हाळ्यात मिठासारखा पांढरा थर, ढेकूळ कुदळीनं फुटत नाही, आणि पावसात वर पाणी तुंबलेलं पण वीतभर खाली माती कोरडी. कृष्णाकाठच्या क्षारपडीला जादा पाणी आणि निचरा नसणं हे मोठं कारण आहेच, पण त्यात असलं बोअरचं पाणी सोडलं की अजून भर.

तपासायला देताना पंप दहा मिनिटं चालू ठेवा, त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळून मग भरा. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र लॅबमधनंच आणायची, ती विसळायची नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. आणि पाणी प्यायचंय का शेतीला द्यायचंय ते तिथं आधी सांगा, तपासण्या वेगवेगळ्या असतात.