मांदेलीला तिचा मान द्या

आज बडोद्यातल्या आपल्या मासेखाऊ मंडळींशी थोडं भांडायचं आहे. पाहुणे येणार म्हटलं की पापलेट, फार तर सुरमई. मांदेली आणायची ती घरच्यांपुरती, तीही कुणी येणार नसेल तेव्हा. "बारीक मासळी आहे हो, नुसते काटे" असं म्हणत मासळीच्या लारीवरून पुढे सरकणारी माणसं मी नेहमी बघते, आणि मला ते मनापासून खटकतं. ज्या माशावर बाकीचा समुद्र जगतो, त्याच माशाला आपण हलका ठरवून बसलो आहोत.

मांदेली अँचोव्हीच्या कुळातली. या कुळात साधारण दीडशे जाती आहेत, बहुतेक सगळ्या हातभरापेक्षा लहान आणि थव्याने राहणाऱ्या. तारली, पेडवे या माशांशी त्यांचं जवळचं नातं. तोंड आ वासून पोहायचं आणि पाण्यातले सूक्ष्म जीव कल्ल्यांतल्या गाळणीत अडकवायचे, हे यातल्या कित्येकांचं जेवण. मॉलमध्ये छोट्या बाटलीत मीठ लावून मुरवलेली अँचोव्ही मिळते, तिला आपणच वाटेल तो भाव देतो. तिची सख्खी भावंडं बर्फात पडलेली असतात, तिकडे मात्र बघत नाही.

एकदा मांदेली हातात घेऊन नीट बघा. नाक खालच्या जबड्याच्या पुढे आलेलं, तोंडाची फट डोळ्याच्याही मागे गेलेली. अंग शेपटीकडे निमुळतं होत जातं आणि पोटाखालचा लांब पर थेट शेपटीला जाऊन मिळतो. पोटाच्या कडेला सोनेरी, मोत्यासारखे ठिपके ओळीने असतात. ताजी असेल तर ते उजेडात चमकतात, शिळी झाली की मंद पडतात. साफ करताना खवले बोटांना चिकटून चांदीसारखे दिसतात. १८४८ मध्ये व्हॅलेन्सिएन्स या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचं वर्णन करून तिला 'कॉइलिया दुसुमिएरी' हे नाव दिलं. इतका देखणा मासा 'चिल्लर' कसा, हे मला आजवर कळलेलं नाही.

दुसरा आक्षेप मी जास्त गंभीरपणे घेते, कारण तो चांगल्या मनाने घेतला जातो. माझी आतेबहीण म्हणते, "एवढाले मासे खाणं म्हणजे पिल्लं मारणं नाही का?" नाही. मांदेली मुळातच लहान जातीची. वीतभर झाली की ती पूर्ण वाढलेली असते. ती भराभर वाढते, वर्षाचा बराचसा काळ अंडी घालते आणि फार वर्षं जगत नाही. पिल्लं म्हणजे तळहाताएवढी पापलेटं, जी आपण "छोटी आहेत, स्वस्तात मिळाली" म्हणून खुशीत घेतो. एकदाही अंडी न घातलेला मोठ्या जातीचा मासा खाणं आणि लहान जातीचा प्रौढ मासा खाणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी गुजरातने घोळ माशाला. चांगलंच झालं. पण घोळ बारीक मासे आणि कोळंबी खाऊन मोठा होतो, बोंबलाच्या पोटातही जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, आणि मांदेली सापडते. खालची पंगत उठली तर वरच्या मानकऱ्यांनी काय खायचं?

असं घडतं, आणि घडलेलं आहे. पेरूच्या किनाऱ्यावर याच कुळातला अँचोवेटा मासा आहे. खोल समुद्रातून थंड, पोषक पाणी वर येतं, त्यावर त्याचे अफाट थवे पोसले जातात. थव्यांवर समुद्रपक्षी जगतात, आणि त्या पक्ष्यांच्या विष्ठेचे बेटांवर साचलेले डोंगर एकोणिसाव्या शतकात खत म्हणून थेट युरोपात जात होते. पुढे पक्ष्यांना मधून काढून माणसाने मासाच उचलायला सुरुवात केली. खायला नव्हे, दळून कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात घालायला. १९७० मध्ये १.२ कोटी टनांहून जास्त अँचोवेटा पकडला गेला. त्यानंतर एल निनो आला, म्हणजे तिथल्या समुद्राचं पाणी तापलं, पण बोटी थांबल्या नव्हत्या. १९७३ मध्ये पकड २० लाख टनांच्याही खाली गेली. पेरू त्यातून शिकला. आता तिथे किती पकडायचं याचा कोटा ठरतो, थव्यात पिल्लं जास्त दिसली तर मासेमारी बंद होते. २०२३ मध्ये तर उत्तर-मध्य किनाऱ्यावरचा वर्षाचा पहिला हंगामच रद्द केला गेला.

आपल्याकडेही जाळ्यात आलेली बारीक मासळी फिशमीलच्या, म्हणजे मासळीच्या भुकटीच्या, कारखान्यांकडे जाते. एक किलो भुकटीला चार-पाच किलो ओली मासळी लागते. ती भुकटी तळ्यातल्या कोळंबीला आणि कोंबड्यांना घालायची, आणि मग ते आपण महाग घ्यायचं. मांदेली काट्यासकट खाता येते, म्हणजे कॅल्शियम आलं. बी-१२ आहे, ओमेगा-३ आहे. आयुष्य कमी आणि खाणं बारीक जीवांचं, त्यामुळे मोठ्या शिकारी माशांत साठतो तसा पारा तिच्यात साठत नाही. असं अन्न माणसाच्या ताटात न येता दळलं जावं, याचा मला राग येतो. गरिबाला परवडणारा मासा कोंबडीला घालणं मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

"बडोद्याला समुद्र कुठे आहे, आपण कशाला बोलायचं?" असं कुणी म्हणेल. अहो, बडोदा संस्थानाला द्वारकेजवळच्या ओखामंडळाचा किनारा होता. सयाजीरावांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या अभ्यासकाकडून तिथल्या सागरी जीवांची पाहणी करून घेतली, आणि १९०९ मध्ये तिचा अहवाल छापून आला. राजधानी समुद्रापासून लांब, तरी राज्याला आपल्या समुद्रात काय आहे हे जाणून घ्यावंसं वाटलं.

आणि आजचा संबंध तर त्याहून जवळचा आहे. आपली विश्वामित्री ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला. मांदेली किनाऱ्यालगतच्या, खाड्यांच्या तोंडाशी असलेल्या गढूळ पाण्यात राहते. आपण नाल्यांतून जे सोडतो, ते तिच्याच घराच्या दिशेने जातं. या पट्ट्यात भरती-ओहोटीचा जोर जबरदस्त असतो. त्या जोरावरच कोळी डोल लावतात, म्हणजे जाळं एका जागी रोवायचं आणि पाण्यानेच मासळी आत आणायची. बोंबील, जवळा, मांदेली एकत्र येतात. जाळ्याच्या शेवटाची आस, म्हणजे भोकं, बारीक असल्यामुळे मोठ्या माशांची पिल्लंही अडकतात, त्याची काळजी घ्यायलाच हवी. पण तेवढ्यासाठी मांदेलीला नाकारणं हा उपाय नाही. तिला चांगला भाव मिळाला तर कोळ्याला फिशमीलवाल्याच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही.

पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते तेव्हा ताजीचा हट्ट धरू नका, सुकी मांदेली आहे ना. बंदी उठून ताजा माल येऊ लागला की लारीवाल्याकडे मुद्दाम मागा. दोन-चार गिऱ्हाइकांनी विचारलं की तो आपणहून आणायला लागतो.

काट्यांची भीती असेल तर हे करा. डोकं चिमटीत धरून खाली ओढा, आतडं सोबत निघून येतं. शेपटीचं टोक छाटा, धुऊन निथळत ठेवा. हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवा. तांदळाचं पीठ आणि बारीक रवा एकत्र करून त्यात घोळवा आणि तव्यावर जरा जास्त तेलात, मध्यम आचेवर, पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत परता. घाई करून नरम ठेवलीत तरच काटा लागतो. सोबत गरम भात आणि सोलकढी करा, आणि पुढच्या वेळी पाहुण्यांनाही हेच वाढा.