2022 च्या आशियाई चषकातून भारतीय संघ पळाला नव्हता

महिला फुटबॉलच्या आशियाई चषकाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: 2022 ची स्पर्धा महाराष्ट्रात झाली, यजमान म्हणून भारताला फुकट जागा मिळाली, तरी आपला संघ एकही सामना न खेळता माघार घेऊन मोकळा झाला. खेळला असता तरी काही फरक पडला नसता, 18-0 असे निकाल लागणाऱ्या स्पर्धेला दर्जा कसला, आणि आपल्याकडे महिला फुटबॉल होतं कधी?

यातलं यजमानपदाचं विधान तेवढं खरं आहे. बाकीची एकेक करून पाहू.

"एकही सामना खेळला नाही."

खेळला. 20 जानेवारी 2022, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, भारत विरुद्ध इराण, निकाल 0-0. इराण या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता. भारताला संधी बऱ्याच मिळाल्या, पण इराणची गोलरक्षक झोहरे कुदाई शेवटपर्यंत पुरून उरली. गैरसमज होतो तो गुणतक्ता पाहून. भारत स्पर्धेबाहेर गेल्यावर नियमाप्रमाणे हा सामना रद्दबातल ठरला आणि त्याचा गुण, गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) काहीच धरला गेला नाही. त्यामुळे 'अ' गटाच्या तक्त्यात चीन, चायनीज तैपेई (म्हणजे तैवान) आणि इराण हे तीनच संघ उरले. तक्ता एवढंच सांगतो की सामना मोजला गेला नाही. तो झाला होता, आणि त्यात भारत हरला नव्हता.

"माघार घेतली."

हा आरोप सगळ्यात अन्यायाचा आहे, म्हणून इथे नीट हिशेब मांडायला हवा. संघात 23 खेळाडू. इराणच्या सामन्याआधीच दोघींची कोविड चाचणी पॉझिटिव्ह आली होती. 23 जानेवारीला चायनीज तैपेईविरुद्धचा सामना होता, तोपर्यंत हा आकडा 12 वर गेला. शिवाय दोघी जखमी. राहिल्या 9. आशियाई फुटबॉल महासंघाच्या कोविडकाळातल्या विशेष नियमांप्रमाणे सामन्यासाठी किमान 13 खेळाडू उपलब्ध असणं बंधनकारक होतं. ते नसतील तर संघाने स्पर्धा सोडली असं मानलं जाई. अधिकृत नोंदीत जी 'माघार' दिसते ती या कलमातून आलेली आहे. संघाने तसा अर्ज केला नव्हता, प्रशिक्षक थॉमस डेनरबी यांनी नकार दिला नव्हता, कर्णधार आशालता देवीनेही नाही.

"सात खेळाडू असले तरी फुटबॉलचा सामना होतो, मग नऊजणींना का उतरवलं नाही?" असं यावर विचारलं जातं. फुटबॉलच्या मूळ नियमांत सातची मर्यादा आहे हे बरोबर. पण ती एका सामन्यापुरती, म्हणजे कमीत कमी किती जणींवर खेळ सुरू करायचा आणि लाल कार्डं, दुखापती यांमुळे संख्या घटली तर कुठे थांबवायचा यासाठी. 13 ची अट स्पर्धेची होती आणि स्पर्धेत तीच लागू होती. नऊजणी बूट बांधून मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यात उभ्या राहिल्या असत्या तरी पंचांना सामना सुरू करता आला नसता.

सामना पुढे ढकलणंही शक्य नव्हतं. त्या वेळी आपल्याकडे पॉझिटिव्ह व्यक्तीला किमान सात दिवस विलगीकरण होतं. भारताचा शेवटचा साखळी सामना 26 तारखेला चीनशी होता आणि 30 तारखेला उपांत्यपूर्व फेरी. 23 तारखेला पॉझिटिव्ह आलेली खेळाडू सात दिवस धरले तर 30 लाच बाहेर येणार. मधे राहिलेले दोन सामने बसवायला जागाच नव्हती. इथे राग धरायचाच तर एवढ्या सामन्यांना एवढे कमी दिवस ठेवणाऱ्या वेळापत्रकावर धरावा. सगळे सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातच ठेवले होते ते प्रवास कमी व्हावा आणि संघ सुरक्षित राहावेत म्हणून. तेवढं पुरलं नाही.

"खेळला असता तरी काही फरक पडला नसता."

हे वाक्य लिहिणाऱ्याने स्पर्धेची रचना पाहिलेली नाही. पहिल्यांदाच 12 संघ, चार-चारचे तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकांतले सर्वोत्तम दोन, असे आठ संघ उपांत्यपूर्व फेरीत. हीच स्पर्धा 2023 च्या विश्वचषकाची पात्रता फेरीही होती. सहयजमान ऑस्ट्रेलियाची जागा आधीच पक्की, त्याशिवाय आशियाला पाच थेट जागा आणि आंतरखंडीय प्लेऑफच्या, म्हणजे वेगवेगळ्या खंडांच्या संघांमधल्या अतिरिक्त पात्रता लढतींच्या, दोन. बेरीज आठ. म्हणजे जो संघ उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला, त्याला विश्वचषक नाही तर किमान न्यूझीलंडमधलं प्लेऑफ नक्की.

आता व्हिएतनामकडे पाहा. 'क' गटात ते जपानकडून 0-3 आणि दक्षिण कोरियाकडूनही 0-3 हरले, म्यानमारशी 2-2 बरोबरी झाली. एक गुण, गोलफरक उणे 6. म्यानमारचा उणे 7, म्हणून एका गोलाने व्हिएतनाम तिसरा. पुढे भारत वगळल्यामुळे 'अ' गट तीनच संघांचा राहिला, म्हणून तिसऱ्या क्रमांकांची तुलना करताना इतर गटांतल्या चौथ्या संघाविरुद्धचे निकाल धरले गेले नाहीत. व्हिएतनामकडे शून्य गुण आणि उणे 6, इराणकडे शून्य गुण आणि उणे 12. व्हिएतनाम पुढे गेला. उपांत्यपूर्व फेरीत चीनकडून 1-3 हरला, पण उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या संघांच्या आपसातल्या प्लेऑफमध्ये थायलंडला 2-0 आणि चायनीज तैपेईला 2-1 हरवून थेट विश्वचषकात पोहोचला.

भारत स्पर्धेत राहिला असता तर? बाकीचे निकाल तसेच धरू. चारही संघ असल्याने सगळे सामने मोजले गेले असते. 'ब' गटात तिसऱ्या आलेल्या थायलंडचे तीन गुण, व्हिएतनामचा एक गुण आणि उणे 6. भारताच्या खात्यात इराणविरुद्धचा एक गुण होताच. म्हणजे चीन आणि चायनीज तैपेई या दोघांविरुद्ध हरूनही, दोन्ही सामन्यांतला मिळून फरक पाच गोलांच्या आत ठेवला असता तर भारत व्हिएतनामच्या पुढे. इराण उणे 12 वर असल्याने गटातला तिसरा क्रमांकही भारताचाच. चीनने तैपेईला 4-0 ने हरवलं होतं. आपणही चीनकडून तेवढ्याच फरकाने हरलो असं धरलं तर तैपेईविरुद्ध एका गोलाने हरणंही चाललं असतं. आणि त्याच तैपेईला भारताने तीनच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर 2021 मध्ये, बहरीनमध्ये 1-0 ने हरवलं होतं. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये ब्राझीलमध्ये मनाऊसला यजमानांकडून 1-6 असा पराभव झाला, पण तो एक गोल मनीषा कल्याणने ब्राझीलच्या वरिष्ठ संघाविरुद्ध केला होता. भारत नक्की पात्र ठरला असता असं कुणी म्हणू नये. तैपेईने इराणला 5-0 ने धुतलं, तो संघ हलका नव्हता. पण "फरक पडला नसता" हे गणितात बसत नाही. दोन सामने खेळायला मिळाले असते तर विश्वचषकाचं दार उघडं होतं.

फिलिपिन्सचं उदाहरणही ताजं आहे. पुण्यात बालेवाडीला त्यांनी तैपेईला 1-1 नंतर पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवलं आणि पहिल्यांदा विश्वचषक गाठला. पुढच्या वर्षी वेलिंग्टनमध्ये त्यांनी यजमान न्यूझीलंडला 1-0 ने हरवलं.

"18-0 असे निकाल लागतात."

लागला एक. 21 जानेवारीला अंधेरीत ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाला 18-0 ने हरवलं, त्यांच्या सॅम कर हिने पाच गोल केले. इंडोनेशियाने तीन सामन्यांत 28 गोल खाल्ले आणि एकही केला नाही. संघ आठवरून बारा केले की सगळ्यात मागचा संघ सगळ्यात पुढच्याशी भिडतो, तेव्हा असं होतं. पुरुषांच्या पात्रता फेऱ्यांतही होतं. पण दर्जा एकाच निकालावरून ठरवायचा असेल तर त्याच ऑस्ट्रेलियाचं पुढे काय झालं ते बघा: नऊ दिवसांत पुण्यात दक्षिण कोरियाच्या जी सो-युनने 87 व्या मिनिटाला लांबून गोल ठोकला आणि ऑस्ट्रेलिया 0-1 ने घरी. चीन आणि जपान यांची उपांत्य लढत 2-2 वरून पेनल्टींपर्यंत गेली. नेरूळच्या अंतिम सामन्यात कोरिया मध्यंतराला 2-0 ने पुढे होता, चीनने 3-2 ने जिंकला आणि तिसरा गोल जादा वेळेच्या उंबरठ्यावर, भरपाईच्या मिनिटांत आला. हे सामने जिथे झाले ती मैदानं लोकलने आणि बसने गाठता येणारी आहेत, आणि आपल्याकडे लक्षात राहिला तो फक्त 18-0.

"आपल्याकडे महिला फुटबॉल कधी नव्हतंच."

भारत या स्पर्धेत दोनदा उपविजेता आहे. 1979 ची स्पर्धा, जी प्रत्यक्षात जानेवारी 1980 मध्ये कोळिकोडला झाली, आणि 1983 ची थायलंडमधली. त्या पिढीत गोव्याच्या योलांडा डिसूझा होत्या. नंतर घसरण झाली हे खरं. 2017 च्या पात्रता फेरीत उत्तर कोरियातल्या प्याँगयांगला दक्षिण कोरियाकडून 0-10 हरलेला संघही आपलाच.

राहिला "फुकट जागा" हा मुद्दा. 2022 पुरता तो मान्य. 2026 च्या, ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेसाठी यजमानपद नव्हतं. 2025 मध्ये थायलंडमधल्या चियांग माईला पात्रता फेरी झाली, तिथे गटातून फक्त पहिलाच संघ जाणार होता. भारताने मंगोलियाला 13-0, तिमोर-लेस्तेला 4-0 आणि इराकला 5-0 ने हरवलं. थायलंडचेही तेवढेच गुण आणि तेवढाच गोलफरक झाला होता. 5 जुलैला दोघे समोरासमोर आले, थायलंड दोन विश्वचषक खेळलेला आणि घरच्या मैदानावर. संगीता बासफोरने दोन गोल केले, भारत 2-1 ने जिंकला, आणि पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात जाण्याची भारताची ती पहिलीच वेळ ठरली.