सुरकुत्यांचे इंजेक्शन आणि आपल्याला न वाचता येणारा कागद

लग्नसराई जवळ आली की बेळगावातल्या काही पार्लरांच्या फलकांवर फेशियल आणि ब्लीचच्या रांगेतच आता ‘बोटॉक्स’ (आठ्या घालवणारे इंजेक्शन) आणि ‘फिलर’ (चेहऱ्यावरचा खोलगटपणा भरण्यासाठी त्वचेखाली टोचायचा जेलसारखा पदार्थ) ही नावे दिसू लागली आहेत. पन्नाशीच्या बाईने कपाळावरच्या आठ्या घालवाव्यात की नाही, हा या लेखनाचा विषय नाही. आपण कसे दिसावे हे जिचे तिने ठरवावे आणि त्यावरून तिला कोणी नावे ठेवू नयेत, असेच माझे मत आहे. मात्र हे औषध आहे, ते सुईने शरीरात जाते, म्हणून ते टोचणारी व्यक्ती त्या कामाचे प्रशिक्षण घेतलेली डॉक्टरच असली पाहिजे आणि टोचण्यापूर्वी त्यातले धोके आपल्याला कळतील अशा भाषेत सांगितले गेले पाहिजेत, याबाबतीत तडजोड करू नये असे मला मनापासून वाटते.

बोटॉक्स हे मुळात एका जिवाणूचे विष आहे. बेल्जियममध्ये १८९५ साली खारवलेले मांस खाऊन माणसे दगावली, तेव्हा एमिल व्हान एर्मेंगेम यांनी तो जिवाणू शोधून काढला. पुढे ॲलन स्कॉट या अमेरिकन नेत्रतज्ज्ञांनी त्याच विषाची अत्यल्प मात्रा तिरळेपणावर वापरली आणि १९८९ साली अमेरिकेत त्या उपचाराला मान्यता मिळाली. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातील कॅरुथर्स या डॉक्टर दांपत्याच्या लक्षात आले की, पापण्यांच्या आचक्यांसाठी हे औषध घेणाऱ्या रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्याही मावळतात. त्यांचा निबंध १९९२ साली प्रसिद्ध झाला आणि २००२ साली अमेरिकेत आठ्यांसाठीही हे औषध मान्य झाले. स्नायूला आकुंचन पावण्याचा नसेकडून येणारा निरोप ते अडवते. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, साधारण दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन-चार महिन्यांनी ओसरतो. म्हणजे पैसा एकदाच लागतो असे नाही, हेही आधीच सांगितले गेले पाहिजे.

शहापुरात राहणाऱ्या माझ्या नात्यातल्या एका वहिनींनी मुलाच्या लग्नाआधी एका पार्लरमध्ये हे इंजेक्शन घेतले. औषध आधीच सिरिंजमध्ये भरून आणलेले होते; बाटली त्यांना कोणी दाखवली नाही आणि त्यांनाही ती मागण्याचे सुचले नाही. हळदीच्या दिवशी त्यांची उजवी पापणी बुबुळावर निम्मी उतरलेली होती, आणि प्रत्येक फोटोच्या वेळी त्या भुवई वर ओढून डोळा उघडा ठेवण्याची धडपड करत होत्या. औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचले की असे होते. ते बहुधा काही आठवड्यांत आपोआप सुधारते, त्यांचेही सुधारले; पण स्नायूवर एकदा झालेला परिणाम लगेच उलटवणारे औषध नाही, ही गोष्ट त्यांना पापणी उतरल्यावर कळली.

पापणी उतरणे कुशल डॉक्टरांच्या हातूनही क्वचित घडू शकते, हे मान्य केले पाहिजे. फरक पडतो तो त्याआधीच्या आणि नंतरच्या वागण्यात. जाणकार डॉक्टर आधी तुम्हाला आठ्या घालायला सांगतात, स्नायू कुठे ओढला जातो ते पाहून खुणा करतात, तुम्हाला स्नायूंचा काही आजार आहे का, तुम्ही गरोदर आहात का, कोणती औषधे चालू आहेत, हे विचारतात. या औषधाची मात्रा ‘युनिट’मध्ये मोजतात, पण एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाइतके नसते, त्यामुळे नाव आणि मात्रा दोन्ही लिहून घेणे आवश्यक आहे. बाटली थंड जागी ठेवावी लागते आणि ती सलाइनमध्ये किती पातळ केली यावरही परिणाम अवलंबून असतो. बनावट माल किती महागात पडतो, हे अमेरिकेत २०२४ साली दिसून आले: नकली किंवा अप्रशिक्षित हातांनी दिलेल्या इंजेक्शनांनंतर ११ राज्यांत २२ जणींना त्रास झाला आणि त्यांतल्या काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले.

आता त्या कागदाविषयी. वहिनींनी दोन पानांच्या इंग्रजी संमतिपत्रावर सही केली होती. दवाखान्यांत हे कागद इंग्रजीत असतात, कधी कन्नडमध्ये. माझी तक्रार कन्नडविषयी मुळीच नाही. ती या राज्याची भाषा आहे आणि आमची मुले ती सहज वाचतात. परंतु खानापूर, निपाणी किंवा पलीकडे चंदगडहून येणारी, मराठी शाळेत शिकलेली पन्नाशीची बाई वैद्यकीय मजकूर मराठीतच नीट वाचू शकते. जो मजकूर वाचता आला नाही, त्याखालच्या सहीला संमती म्हणणे मला पटत नाही. डॉक्टर तोंडाने आमच्याशी उत्तम मराठी बोलतात. मग एक पान मराठीत छापून ठेवणे त्यांना जड जाऊ नये.

फिलरच्या बाबतीत तर ही माहिती अधिकच गरजेची आहे. बहुतेक फिलर हायलुरॉनिक आम्ल या त्वचेतही असणाऱ्या पदार्थाचे असतात आणि ते विरघळवणारे औषध उपलब्ध असते, ही त्यातली जमेची बाजू. पण फिलर चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाऊ शकते, आणि अशा वेळी ते औषध ताबडतोब हाताशी असावे लागते. ज्या खोलीत ते नाही, तेथे फिलर टोचून घेऊ नये. कर्नाटकात २००७ च्या कायद्यानुसार खासगी वैद्यकीय आस्थापनांना नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र दाखवा म्हणण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

फिलरनंतर त्वचा पांढरी किंवा जाळीदार निळसर पडली, खूप दुखू लागले किंवा दिसेनासे झाले, तसेच बोटॉक्सनंतर गिळायला, बोलायला वा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे. बेळगावातल्या ज्या त्वचारोगतज्ज्ञांनी असे माहितीपत्रक मराठीत केले असेल, त्यांनी ते मला अवश्य पाठवावे. आमच्या भागातल्या महिला मंडळांत त्याच्या प्रती पोचवण्याचे काम मी आनंदाने करीन.