अळीला 'सवय' झालेली नाही

परवा कृषी केंद्रात बसलो होतो. एक जण कपाशीचं हिरवं बोंड फोडून दाखवायला घेऊन आला. सरकी पोखरलेली, आत गुलाबी बोंडअळी. दुकानदार लगेच म्हणाला, "अळीले आता बीटीची सवय झाली, भाऊ. हे घ्या, जरा कडक औषध हाये."

हा "सवय" शब्द मला बरीच वर्षं टोचतोय. सवय दारूची लागते, तंबाखूची लागते. अळी विष चाखत चाखत ते पचवायला शिकत नाही. ज्या अळीवर ते चालतं ती मरते, जिच्यावर चालत नाही ती उरते, आणि पुढे तिचीच पिलावळ वाढते.

बीटी हा मूळचा जिवाणू; त्याच्या विषारी प्रथिनाचं जनुक कपाशीत घातलं की ती बीटी कपाशी. 1901 साली जपानमध्ये रेशीमकिडे मरत होते, त्यांच्यात तो सापडला. त्याचं प्रथिन अळीच्या आतड्यातल्या अल्कली रसात विरघळतं, तिचीच पाचकद्रव्यं त्याला छाटून तयार करतात (म्हणजे मरणाचा अर्धा स्वयंपाक अळी स्वतःच करते), आणि मग ते आतड्याच्या अस्तरातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. त्यानंतर आतड्याला भोकं पडतात. पण विषाने अडकावं ती खुंटीच मोडकी असेल तर? मग ते नुसतं वाहून जातं. 2014 मध्ये भारतातल्या प्रतिकारक गुलाबी अळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मोजक्याच अळ्यांत या खुंटीच्या, म्हणजे कॅडहेरिनच्या, जनुकाची आठ वेगवेगळी बिघडलेली रूपं निघाली. बोलगार्ड-2 (दोन बीटी प्रथिनं असलेली कपाशी) मधल्या दुसऱ्या प्रथिनाला हुलकावणी देणारा बिघाड पुन्हा वेगळ्याच जनुकात आहे, एबीसीए2 मध्ये.

आता खरी मेख. कॅडहेरिनचा बिघाड आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून यावा लागतो. एक प्रत जरी धड असली तरी बीटीच्या पूर्ण मात्रेपुढे अळी मरते. म्हणून तर बीटीभोवती नॉन-बीटीच्या, म्हणजे बिनविषाच्या साध्या कपाशीच्या, पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यातलं जे जास्त असेल ते लावायचा नियम होता. तिथली साधी पाखरं उरलेल्या चिवट पाखरांशी जुळली की पोरं बीटीवर मरणारीच निपजतात. अ‍ॅरिझोनातल्या गुलाबी अळीतही हेच जनुक बिघडलेलं सापडलं होतं. तिथे नॉन-बीटीचे पट्टे नीट लावले, 2006 पासून वांझ पतंग सोडले, आणि 2018 मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून ही कीड संपल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे 2010 मध्येच गुजरातच्या चार जिल्ह्यांत बीटीचं पहिलं प्रथिन गुलाबी अळीपुढे निकामी ठरल्याचं जाहीर झालं. 2017 ला विदर्भात या अळीने काय केलं ते इथल्या कुणाला सांगायला नको.

लगेच शेतकऱ्याला दोष देतात, नॉन-बीटीचं 120 ग्रॅमचं पाकीट बांधावर फेकलं म्हणून. फेकलं, आमच्याही घरी फेकलं. त्या पाकिटातलं बी एका वर्षी निम्मंही उगवलं नव्हतं. आणि अळीसाठी वावर सोडा हे तीन एकरवाल्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

ज्यावर कुणी बोलत नाही ती गोष्ट संकरित बियाण्याची आहे. आपल्याकडचं बीटी जवळपास सगळं संकरित, म्हणजे झाडात प्रत्येक बीटी जनुकाची एकच प्रत. त्यामुळे एकाच बोंडातल्या सरक्या सारख्या नसतात. बोलगार्ड-2 मध्ये हिशेब केला तर सोळातल्या नऊ सरक्यांत दोन्ही विषं, सहांत एकेकच, आणि एकीत काहीच नाही. गुलाबी अळी खाते ती सरकीच! पूर्ण मात्रा सगळीकडे मिळालीच नाही, तर एक धड प्रत असलेली अळीही तगायला वाव मिळतो. वर हे वाण लांब मुदतीचे, त्यावर फरदड (वेचणी झाल्यावरही पीक पाणी देऊन पुढे ठेवणं), म्हणजे हिवाळाभर तिची खाण्यापिण्याची सोय. हे वाण शेतकऱ्याने निवडले नव्हते, बाजारात दुसरं होतंच काय?

म्हणून "कडक औषध" ऐकलं की मला राग येतो. बोंडात शिरलेल्या अळीला फवारा लागतच नाही. डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेली फुलं) तोडून नष्ट करणं, मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे कामगंध सापळे, डिसेंबरात पऱ्हाटी उपटणं ही कामं कंटाळवाणी आहेत, पण अळीचं पिढ्यांचं चक्र त्यांनीच तुटतं. तेही गावाने मिळून केलं तर. आम्ही मागच्या वर्षी डिसेंबरातच वावर मोकळं केलं. शेजारच्या काकांनी पाणी होतं म्हणून फरदड ठेवली, मार्चपर्यंत. त्यांना पैशाची गरज होती, मी काही बोललो नाही.