खुलासा: वजन घटवलं की बेसबॉलपटूचा खेळ सुधारतोच, असं नाही

"बेब रूथने वजन उतरवलं आणि होमरन जवळपास दुप्पट झाले, म्हणून प्रत्येक बेसबॉलपटूने बारीक व्हावं," असा दावा फिरतोय. (बेब रूथ म्हणजे १९२० च्या दशकातला गाजलेला अमेरिकी फलंदाज; होमरन म्हणजे सहसा मैदानाबाहेर टोलवलेला, थेट धाव मिळवून देणारा फटका.) तो अर्धाच खरा आहे.

आकडे बरोबर आहेत: १९२५ मध्ये २५ होमरन, १९२६ मध्ये ४७. मधल्या हिवाळ्यात रूथने व्यायामशाळेत खरोखरच घाम गाळला होता. पण १९२५ मध्ये तो आजारी होता, शस्त्रक्रिया झाली होती आणि तो जेमतेम ९८ सामने खेळला. हे गाळून दावा पसरवणं मला चुकीचं वाटतं.

आता न्यूयॉर्क यँकीज संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, सीसी सबाथिया बघा. २०१४ च्या हंगामात तो चांगलाच सडपातळ होऊन उतरला. ८ सामन्यांत दर ९ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, त्याने ५.२८ धावा दिल्या (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून). २०१२ मध्ये हाच आकडा ३.३८, म्हणजे बराच चांगला होता. अर्थात दोष बारीक होण्याचाच म्हणता येणार नाही, त्याचा गुडघा निकामी होत चालला होता. उलट, जवळपास १३० किलोच्या बार्टोलो कोलोन या पिचरने २०१६ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, १५ सामने जिंकले.

पिचरचा जोर नुसत्या हातातून येत नाही. मागच्या पायाने रेटा देऊन तो अख्खं अंग चेंडूमागे झोकतो. चरबी उतरली तर गुडघ्यांवरचा भार हलका होतो; पण उपाशी राहून मांड्यांचे स्नायूच झिजले, तर चेंडूचा वेग जातो.