बोट उभी आहे, मग धूर कशाला?

गेल्या डिसेंबरात आईला घेऊन भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचनं उरणला येत होतो. डाव्या हाताला घारापुरी मागे पडत गेली आणि न्हावा-शेव्याच्या क्रेन दिसायला लागल्या. धक्क्याला एक मोठं कंटेनर जहाज लागलेलं. त्याच्या चिमणीतून करडा धूर निघत होता आणि वर न जाता पाण्यावर आडवा पसरत होता. आईला दम्याचा त्रास आहे. पदर नाकाशी धरून बसली होती. म्हणाली, “बोट तर उभी आहे रे, मग धूर कशाला सोडते?”

चोवीस वर्षं मी मर्चंट नेव्हीत इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो. जहाजाला वीज पुरवणं हेच माझं काम होतं. तरी लाँचवर मी तिला “जनरेटर चालू असतो गं” एवढंच सांगून गप्प बसलो. तेव्हापासून ते उत्तर मला टोचतंय. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

जहाज धक्क्याला लागलं की मुख्य इंजिन थांबतं, पण आतलं काम थांबत नाही. दिवे, पंप, इंजिन रूमचे पंखे, गॅली म्हणजे जहाजाचं स्वयंपाकघर, एसी, जहाजाचा तोल राखणारं बॅलास्टचं पाणी हे सगळं चालूच असतं. कंटेनर जहाजावर त्यात भर पडते रीफरची, म्हणजे कोळंबी, द्राक्षं, औषधं असला माल भरलेल्या थंड कंटेनरची. रीफर दोन-तीन तास बंद राहिला तरी कंपनीचे फोन सुरू होतात. ही सगळी वीज जहाजावरचे डिझेल जनरेटर बनवतात, रात्रंदिवस.

मध्यम आकाराच्या जहाजाला धक्क्यावर दीड मेगावॅट धरा. चोवीस तासांत ३६,००० युनिट झाले. महिन्याला २०० युनिट जाळणारी १८० घरं महिनाभर चालतील एवढी वीज एका जहाजाला एका दिवसात लागते. एका युनिटमागे साधारण २१० ग्रॅम तेल, म्हणजे दिवसाला साडेसात टन. त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइडच साडेतीनशे किलोच्या घरात बाहेर पडतात. काजळी वेगळी. मोठं क्रूझ जहाज असेल तर दहा मेगावॅटसुद्धा लागतात.

आणि तेल कुठलं, तेही बघा. १ जानेवारी २०२० पासून जगभर जहाजांच्या तेलातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली. फार मोठी सुधारणा होती ती. आधीचं तेल डांबरासारखं असायचं, तापवल्याशिवाय पाइपातून सरकायचं नाही. पण ०.५ टक्का म्हणजे दहा लाखात ५,००० भाग. आपल्या पेट्रोल पंपावरच्या बीएस-सहा डिझेलला मर्यादा आहे दहा लाखात १० भागांची. ट्रेलरवाल्याला तेलात जेवढ्या गंधकाची मुभा आहे त्याच्या पाचशेपट गंधकाचं तेल त्याच ट्रेलरपासून शंभर पावलांवर कायदेशीर जळतं. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ सालीच जाहीर केलंय.

उरणची सगळी धूळ जहाजांची आहे असं मी म्हणणार नाही. ट्रेलरच्या रांगा, खणलेले रस्ते, सपाट झालेले डोंगर रोज डोळ्यांसमोर आहेत. आईच्या दम्याचं खापरही मी एका चिमणीवर फोडणार नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय की एका कारणावर बोट ठेवता येत नाही. पण ट्रेलरचा धूर दिसतो म्हणून आपण त्यावर बोलतो, मोर्चे काढतो. धक्क्यावरचा धूर भिंतीआड राहतो. दिवसा खारा वारा असतो तेव्हा तो जासईकडे जातो. थंडीत रात्री मतलई वारा सुटला की उलट फिरून उरण गावाकडे येतो. आमच्याकडे पहाटे खिडकीच्या गजांवरून फडकं फिरवलं की ते काळं होतं.

यावरचा उपाय नवा नाही. जहाज धक्क्याला लागलं की किनाऱ्यावरून केबल टाकायची, वीज घ्यायची आणि जनरेटर बंद करायचे. याला शोअर पॉवर म्हणतात. जुने लोक कोल्ड आयर्निंग म्हणतात. कोळशाच्या जमान्यात बंदरात आल्यावर बॉयलरची आग विझवायचे आणि लोखंड हळूहळू थंड पडायचं, त्यावरून आलेलं नाव. स्वीडनमधल्या गोटेनबर्ग बंदरानं २००० साली कागद वाहून नेणाऱ्या जहाजांना हाय व्होल्टेजची जोडणी दिली. २००१ साली अलास्कातल्या जुनो गावात क्रूझ जहाजांना धरणाची वीज मिळायला लागली. आणि लांब कशाला जायचं, आपल्या मुंबईत लायन गेटच्या आत नौदल गोदीत उभ्या असलेल्या युद्धनौका कित्येक वर्षं किनाऱ्याची वीज घेतात. आपल्या मोठ्या बंदरांत टगबोटींनाही ती मिळते. अडलंय ते मोठ्या मालवाहू जहाजांपाशी.

लॉस एंजेलिसची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते, कारण तिथे सुरुवात गावकऱ्यांनी केली. बंदराला लागून सॅन पेद्रो नावाची वस्ती आहे. तिथे चायना शिपिंग या जहाज कंपनीसाठी नवं टर्मिनल बांधायला घेतलं, पण त्याचा वेगळा पर्यावरण अहवाल केला नाही. रहिवासी संघटना आणि एक पर्यावरण संस्था २००१ साली कोर्टात गेल्या. काम थांबलं, २००३ साली तडजोड झाली आणि २००४ च्या जूनमध्ये ते टर्मिनल सुरू झालं ते जहाजांना वीज देण्याच्या सोयीसकट. ठरलेल्या काही अटी मात्र पुढे पूर्ण पाळल्याच गेल्या नव्हत्या, हे २०१५ साली बाहेर आलं. करार झाल्यावर घरी जाऊन झोपायचं नसतं, हे सॅन पेद्रोवाल्यांना तेव्हा कळलं. पुढे राज्यानं कायदाच केला. २०१४ पासून कंटेनर कंपनीच्या ताफ्यातल्या निम्म्या फेऱ्यांना, आणि २०२० पासून ८० टक्के फेऱ्यांना, धक्क्यावर जनरेटर बंद ठेवणं भाग पडलं.

त्याच नियमामुळे मी पहिल्यांदा लाँग बीचला केबल जोडली. आमच्या जहाजाच्या मागच्या बाजूला एका कंटेनरमध्येच केबलचं रीळ बसवलेलं होतं. मनगटाहून जाड अशा दोन केबल हळूहळू खाली सोडल्या. धक्क्याच्या कडेला जमिनीत लोखंडी झाकणाचा खड्डा होता, त्यात सॉकेट. खालचे दोघे डोक्यापासून पायापर्यंत जाड सूट घालून उभे, कारण ६,६०० व्होल्टला चूक चालत नाही. आधी अर्थिंग, मग इंटरलॉक, मग फेजचा क्रम तपासायचा. तो बरोबर आला की कंट्रोल रूममधून किनाऱ्याची वीज आणि आपला जनरेटर यांचा मेळ घालायचा. पॅनेलवर एक काटा गोल फिरत असतो. तो बाराच्या ठोक्यावर येतोय असं दिसलं की ब्रेकर टाकायचा. टाकला. लोड सरकवला, जनरेटरचा ब्रेकर उघडला, पाच मिनिटं मोकळा फिरवून थंड केला आणि बंद केला. तीन दिवस तिथे होतो. दुसऱ्या दिवशी बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, मला मागच्या डेकवर घेऊन गेला आणि पांढऱ्या रेलिंगवरून हात फिरवून तळवा दाखवला. स्वच्छ होता. एरवी बंदरात रोज सकाळी तो पोरांना तिथली काजळी धुवायला लावायचा.

सगळं असंच गोड असतं असंही नाही. एका बंदरात, नाव घेत नाही, किनाऱ्याची वीज मध्यरात्री अचानक गेली. जहाज काळोखात. इमर्जन्सी जनरेटर ४५ सेकंदांत यायलाच हवा असा नियम आहे, आणि तो आलाही. पण तो फक्त जिवापुरती वीज देतो. मुख्य जनरेटर उठवून तीनशे रीफर एकेक करून परत चालू करेपर्यंत पहाट झाली. किनाऱ्यावर त्या रात्री फोन उचलणारा माणूस होता, पण ब्रेकर परत टाकायचं प्रशिक्षण त्याला कुणी दिलं नव्हतं. सॉकेट बसवून फीत कापली म्हणजे काम झालं असं समजू नये, म्हणून हे सांगितलं.

आता आपल्याकडच्या अडचणी. पहिली फ्रीक्वेन्सीची. बहुतेक जहाजं ६० हर्ट्झवर चालतात, आपली वीज ५० हर्ट्झची. मधे कन्व्हर्टर लागतो आणि तो महाग असतो. पण युरोपची वीजही ५० हर्ट्झचीच आहे आणि त्यांनी तो बसवलाय. २०१२ पासून या जोडणीचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलेलं आहे, त्यामुळे प्रत्येक बंदराला वेगळा प्लग हे दुखणंही राहिलेलं नाही.

दुसरी अडचण दराची. जहाज येतं वीस-पंचवीस तासांसाठी, पण मोठ्या जोडणीचा स्थिर आकार महिनाभर भरावा लागतो. जहाज नसलं तरी मीटर पैसे मागतो. मग तो बोजा युनिटवर पडतो आणि कंपनी म्हणते, त्यापेक्षा तेल जाळणं परवडतं. स्वीडन आणि जर्मनीनं २०११ सालीच युरोपीय संघाकडून बंदरातल्या जहाजांच्या विजेवरचा कर कमी करण्याची परवानगी घेतली. आपल्याकडे वीज नियामक आयोग मेट्रोला, शेतीपंपाला, चार्जिंग स्टेशनला वेगळा दर लावतो. तसाच वेगळा दर जहाजांसाठी लावायला हवा.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. आपली वीज मुख्यतः कोळशाची. देशाच्या ग्रिडमधून एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. जहाजाचा जनरेटर काढला तर तोही ०.७ च्या आसपासच येतो. म्हणजे आज नुसती ग्रिडची वीज दिली तर हवामानबदलाच्या हिशेबात हाती फारसं काही लागत नाही. उरणचा धूर चंद्रपूरला पाठवायचा आणि त्याला हरित बंदर म्हणायचं, हे मला मान्य नाही. बंदरानं सौर आणि पवनऊर्जा थेट विकत घ्यावी. केंद्राच्या २०२३ च्या हरित सागर मार्गदर्शक तत्त्वांत बंदरांनी २०३० पर्यंत ६० टक्के वीज अक्षय स्रोतांतून घ्यावी असं लिहिलेलंच आहे. त्या विजेतला वाटा जहाजांना मिळाला तर नाकासमोरचा धूर जाईल आणि दूरच्या चिमणीचाही वाढणार नाही.

चिमणीवरून डहाणू आठवतं. तिथल्या औष्णिक प्रकल्पाची ५०० मेगावॅटची चिमणी आपल्या चिकूच्या बागांवर येणार म्हणून तिथले लोक कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. त्या प्राधिकरणानं धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली आणि २००७ साली ती बसली. देशातले बहुतेक कोळसा प्रकल्प त्यानंतर किती वर्षं टाळाटाळ करत राहिले, हे सगळ्यांना माहीत आहे.

त्याच डहाणूत आता वाढवण बंदर होतंय. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पंतप्रधानांनी पायाभरणी केली. खर्च ७६ हजार कोटींवर. ज्या प्राधिकरणानं १९९८ साली हेच बंदर नाकारलं होतं, त्यानंच २०२३ मध्ये परवानगी दिली. मच्छीमारांचा विरोध मला पटतो. ज्यांची जाळी जायची त्यांचं दुःख कुठल्याही केबलनं भरून येणार नाही, आणि उरणकरांइतकं ते कुणाला कळणार? जमिनीचा मोबदला मागताना जानेवारी १९८४ मध्ये आमची पाच माणसं गोळीबारात गेलीत. पण बंदर होणारच असेल, तर पुढच्या पन्नास वर्षांचा धूर तरी गावांवर लादू नका.

आणि तिथे हे करणं सोपं आहे. नऊ कंटेनर टर्मिनल, प्रत्येकी हजार मीटर लांब. प्रत्येकावर दोन-तीन जहाजं लागली तरी सगळी मिळून पन्नास मेगावॅटच्या आसपास वीज लागेल. डहाणूच्या प्रकल्पाच्या दहाव्या हिश्शाएवढी. धक्क्याचं काँक्रीट अजून ओतायचंय. आत्ता केबलसाठी पाइप आणि खड्डे ठेवले, सबस्टेशनला जागा सोडली, तर एकूण खर्चात ते दिसणारही नाही. दहा वर्षांनी तेच करायचं म्हणजे चालू धक्का फोडायचा, क्रेन बंद ठेवायच्या. न्हावा-शेव्याला १९८९ साली कुणाच्या डोक्यात हे नव्हतं, ते समजण्यासारखं आहे. वाढवणला ते कारण देता येणार नाही.

जहाजं तयार नाहीत, असंही सांगितलं जातं. कॅलिफोर्नियाला आणि चीनला जाणाऱ्या जहाजांवर केबलची रिळं बसलेली आहेत. १ जानेवारी २०३० पासून युरोपच्या प्रमुख बंदरांत कंटेनर आणि प्रवासी जहाजांना किनाऱ्याची वीज घेणं सक्तीचं होतंय. न्हावा-शेव्याहून किती जहाजं युरोपला जातात ते उरणच्या कुठल्याही पोराला विचारा. २०२४-२५ मध्ये इथून वीस फुटी कंटेनरच्या हिशेबात सुमारे ७३ लाख कंटेनर हलले. तेच जहाज रॉटरडॅमला जनरेटर बंद करून उभं राहील आणि शेव्याला रीळ गुंडाळून ठेवून धूर सोडेल. रॉटरडॅमच्या माणसाच्या फुप्फुसाची किंमत आमच्या फुप्फुसापेक्षा जास्त का धरायची?

मी एक पत्र लिहिलंय, जेएनपीए म्हणजे न्हावा-शेव्याचं बंदर प्राधिकरण आणि महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड या दोघांना, कारण वाढवणमध्ये ७४ आणि २६ टक्के भागीदारी त्यांचीच आहे. वाढवणच्या प्रत्येक टर्मिनलच्या निविदेत शोअर पॉवरची अट घाला आणि ती वीज अक्षय स्रोतांतली असू द्या. न्हावा-शेव्याला निदान एका टर्मिनलवर सुरुवात करा आणि उरण, जासई, करंजा इथल्या हवेची मोजणी धक्क्यावर किती जहाजं होती त्याच्या नोंदीसकट दर महिन्याला मराठीत जाहीर करा. दराचा मुद्दा वीज नियामक आयोगाकडे वेगळा पाठवतोय.

पत्र तीन पानी आहे. सही करायची असेल त्यांनी खाली गावाचं नाव लिहा, मी मसुदा पाठवतो. पुढच्या रविवारी डहाणूला जातोय. वाढवण, वरोर, चिंचणीकडच्या कुणी भेटणार असाल तर कळवा. आईनं पहिली सही आधीच केली आहे.