मारिबचे ते खांब राणीच्या राजवाड्याचे नाहीत

वाळवंटात पाच उंच दगडी खांब, शेजारी सहावा मोडका. खाली मजकूर: ‘१९५१ साली अमेरिकी पथकाने येमेनमध्ये शेबाची राणी बिल्कीस हिचा राजवाडा शोधून काढला. एका रात्री धरण फुटलं आणि तिचं राज्य बुडालं.’ हा संदेश इतका फिरतोय की उत्तर देणं भाग आहे.

आधी फोटो. हे खांब बरान मंदिराचे आहेत. येमेनमधलं मारिब ही सबाची (म्हणजेच शेबाची) जुनी राजधानी, तिच्याजवळचं हे मंदिर. वेंडेल फिलिप्सच्या अमेरिकी पथकाने १९५१-५२ मध्ये खणलं ते अव्वाम, तिथून जवळच असलेलं पण वेगळं ठिकाण. तिथे रांगेत आठ खांब आहेत.

‘शोधून काढला’ हेही चूक. फ्रेंच प्रवासी तोमा आर्नो १८४३ साली आणि ऑस्ट्रियन अभ्यासक एदुआर्द ग्लाझर १८८८ साली मारिबचे शिलालेख उतरवून गेले होते. फिलिप्सच्या लोकांनी वाळूखालचं प्रवेशदालन मोकळं केलं, हे श्रेय त्यांचंच. मात्र स्थानिक अधिकाऱ्यांशी बिनसलं आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये सामान तिथेच टाकून त्यांना पळावं लागलं.

आता राजवाडा. अव्वाम आणि बरान ही दोन्ही सबाच्या मुख्य देवाची, अलमकहची मंदिरं. हे तिथल्या शिलालेखांतच कोरलेलं आहे. कुणी आजारातून उठला म्हणून देवाला काशाची मूर्ती वाहिली, कुणी लढाईवरून सुखरूप परतला म्हणून. कुणी मुलगा मागितला, कुणी चांगलं पीक. नवस बोलणारी आणि फेडणारी ही माणसं नावानिशी समोर उभी आहेत, आणि आपण त्यांना बाजूला सारून अशी राणी शोधतो जिचा त्या लेखांत उल्लेखच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. बिल्कीस हे नाव नंतरच्या इस्लामी परंपरेतलं. बायबलप्रमाणे कुराणातही राणीची गोष्ट आहे, पण नाव नाही. असिरियाच्या सम्राट दुसऱ्या सारगॉनच्या नोंदीत समसी ही अरबांची राणी येते, पण त्याच नोंदीत सबाच्या बाजूने नाव आहे ते इतअमर या पुरुषाचं.

राहिलं धरण. सुमारे ६०० मीटर लांबीचा मातीचा भराव, दोन्ही टोकांना दगडी दारं. पाणी साठवून ठेवण्यापेक्षा वादीला (एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्राला) आलेला पूर अडवून शेतांत वळवणं हे त्याचं काम. पुराबरोबर गाळ येई, शेतं उंच होत, मग भरावही उंच करावा लागे. तो अनेकदा फुटला आणि अनेकदा बांधला गेला. इ.स. ५४८ मध्ये तेव्हाचा येमेनचा राजा अब्रहा याने केलेल्या दुरुस्तीचा लेख आजही उपलब्ध आहे: मध्येच साथ पसरली म्हणून काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, आणि त्यावर किती पीठ, किती खजूर, किती जनावरं खर्ची पडली याचा हिशोबही दिलाय. धरण शेवटचं फुटलं ते त्यानंतर, सहाव्या शतकाच्या अखेरीस. सबाचं राज्य शेजारच्या हिम्यर राज्याने त्याच्या सुमारे ३०० वर्षं आधीच गिळलं होतं.